तिसरं नाव

आमच्या वाशीम जिल्ह्यात भाड्याची खोली बघायला गेलं, की घरमालक आधी चहा देतो, नळ कधी येतात ते सांगतो, आणि कप खाली ठेवता ठेवता विचारतो, "पुरं नाव काय म्हनलं तुमचं?" विचारतो अगदी सहज, पण खोली मिळणार की नाही ते तिथेच ठरतं. आम्ही बौद्ध. आजोबांनी किन्हीराजाला असताना धर्म बदलला, आडनाव मात्र तेच राहिलं, आणि ते कानावर पडलं की आमच्याकडच्या माणसाला आमची जुनी वस्ती गावाच्या कोणत्या टोकाला असेल ते लगेच दिसायला लागतं.

बाबांनी यावर एक तोडगा काढला होता. ते एसटीत कंडक्टर होते, मंगरूळपीर, कारंजा, वाशीम असं फिरण्यात त्यांची नोकरी गेली. कोणी नाव विचारलं तर ते स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव सांगून थांबायचे. बिल्ल्यावर नंबर असतो, आडनाव नसतं, याचं त्यांना फार कौतुक होतं. मलाही त्यांनी तेच शिकवलं. "दोन नावं सांगाची अन् पुढचा विषय काढाचा," असं ते म्हणायचे. मी पुढचा विषय काढण्यात इतकी पटाईत झाले, की कॉलेजातल्या कितीतरी मैत्रिणी बाबांचं नाव हेच माझं आडनाव समजत होत्या.

कारंज्याला पहिली नोकरी लागली तेव्हा मात्र हा तोडगा चालला नाही. खोली चांगली होती, खिडकीतून बाजारात चाललेल्या कापसाच्या गाड्या दिसायच्या. मालकांनी चहाबरोबर चिवडाही दिला. मग बोलता बोलता आडनाव निघालं आणि मालकांना एकदम आठवलं, की त्यांचा पुतण्या शिकायला येणार आहे, त्याच खोलीत राहणार आहे. पुढे वर्षभर मी त्या घरावरून जाता-येता त्या पुतण्याला शोधत होते. खोलीला कुलूपच होतं. माझा स्वभाव तसा तापट आहे, पण त्या कुलपाशी भांडणार तरी काय?

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे बल्गेरिया.

माझा संशोधनाचा विषय होता शेतजमीन. बल्गेरियात कम्युनिस्ट राजवटीत सरकारनं गावोगावच्या जमिनी एकत्र करून सामुदायिक शेती चालवली होती. राजवट गेली आणि जमिनी मूळ कुटुंबांना परत मिळाल्या. त्या परत मिळालेल्या जमिनीचं लोकांनी काय केलं, हे मला बघायचं होतं. आमच्या घरात या विषयाचं सगळ्यांनाच नवल वाटायचं, कारण जमीन परत मिळायला ती आधी असावी लागते. तिथल्या एका विद्यापीठानं पाहुणी संशोधक म्हणून बोलावलं आणि दिल्लीत शिकलेल्या मोडक्यातोडक्या बल्गेरियनच्या जोरावर मी डॅन्यूब नदीकाठच्या एका लहान शहरात जाऊन पोचले.

तिथे गेल्यावर कळलं, की राहण्याचा परवाना पक्का व्हायचा तर घरमालकानं स्वतः नोटरीसमोर येऊन सांगावं लागतं, की ही बाई माझ्याकडे राहते. बहुतेक घरमालक या भानगडीत पडायला तयार नव्हते. खोली घे, पण कागदावर काही नको, असं त्यांचं म्हणणं. मुदत संपत आली होती. परवाना झाला नाही तर सामान बांधून परत यायचं होतं, आणि इकडे बाबांनी तर अख्ख्या स्टँडवर सांगून ठेवलं होतं, की पोरगी विलायतेला संशोधन करून राह्यली. शेवटी विद्यापीठातल्या एका बाईंनी एका म्हाताऱ्या विधवेचा पत्ता दिला. ती नोटरीकडे यायला तयार होती.

तिचं घर जुन्या सरकारी इमारतीत चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद. वर पोचले तेव्हा ती गॅलरीत लाल मिरच्या भाजत होती. मोठाल्या, बिनतिखटाच्या मिरच्या, पण वास असा घमघमत होता, की मला आमच्या घरचा ठेचा आठवून तोंडाला पाणी सुटलं. तिनं घरात घालायच्या सपाता दिल्या, खोली दाखवली, कॉफी केली. मग विचारलं, काम काय करतेस. मी सांगितलं, सामुदायिक शेतीचा अभ्यास करते, त्या काळात इथे कोण काय होतं ते लोकांना विचारते. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "नोटरीला सांगावं लागेल. तुझी तिन्ही नावं सांग."

बल्गेरियात माणसाला आपल्यासारखीच तीन नावं असतात. स्वतःचं, वडिलांचं आणि घराण्याचं. कुठेही गेलं की तीन नावं विचारतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी माझ्या तोंडून दोनच बाहेर पडली.

"आणि तिसरं?"

"आमच्याकडे एवढंच लावतात," मी म्हटलं आणि पुढचा विषय काढला. मिरच्या कुठल्या, छान दिसतात वगैरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. खोली देता येणार नाही. बहिणीचा मुलगा राहायला येणार आहे.

मी फोन ठेवला आणि तात्पुरत्या खोलीतल्या पलंगावर बसून राहिले. कारंज्याचा पुतण्या इथपर्यंत पोचला होता. आधी रडू आलं, मग संताप आला. हिला कळलंच कसं? कोणी सांगितलं? विद्यापीठातल्या बाईंनी? चहा करून प्याले, डोकं जरा थंड झालं, तेव्हा कुठे प्रकाश पडला. त्या अख्ख्या देशात माझ्या आडनावाचा अर्थ कळेल असा एक माणूस नव्हता. मी ते चौकात उभी राहून ओरडले असते, तरी लोकांनी फार तर रस्ता सोडला असता. मग हिनं खोली नाकारली ती कशासाठी?

हे विचारल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. दुपारी पुन्हा चार मजले चढले. दार उघडल्यावर ती गोंधळली. आत स्वयंपाकघरात भाजलेल्या मिरच्या सोलून ठेवल्या होत्या, ती बरण्या भरत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "बहिणीचा मुलगा येणार नाही. आमच्याकडेही पुतण्या येणार असतो. खरं कारण सांगा, मग मी जाते."

तिनं हात पुसले. बस म्हणाली. मग तिनंच उलट विचारलं, "तू नाव का लपवलंस?"

मला वाटलं होतं मी तिला जाब विचारायला आलेय, आणि बसले होते उत्तर देत. माझी बल्गेरियन तोकडी पडत होती, तरी सांगितलं. आमच्याकडे तिसऱ्या नावावरून माणसं आजोबा कोण होते ते ओळखतात. आजोबांच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं, हे ओळखतात. मग खोली मिळत नाही. म्हणून बाबांनी दोन नावांवर थांबायला शिकवलं, आणि ती सवय मी विमानात बसून इथवर घेऊन आले.

ती ऐकत होती. बरणीवर झाकण तसंच ठेवलेलं होतं. मग तिनं तिच्याकडचं कारण सांगितलं. तिचा नवरा कम्युनिस्ट पार्टीचा इथला सेक्रेटरी होता. कोणाच्या मुलाला युनिव्हर्सिटीत जागा द्यायची, कोणाला फ्लॅट द्यायचा, ते त्याच्या टेबलावर ठरायचं. समोर उमेदवार आला की तो आजोबांचं नाव विचारायचा. आजोबा मोठे जमीनदार निघाले, की नातवाचा अर्ज बाजूला. राजवट बदलली तशी याच इमारतीतल्या लोकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. नवरा वारला तेव्हाही खालच्या मजल्यावरचं कोणी वर आलं नाही. "आणि तू आलीस," ती म्हणाली, "तुला त्या काळात कोण काय होतं ते विचारायचंय, आणि स्वतःचं नाव सांगायचं नाही. इथे असे लोक पूर्वी यायचे. मला वाटलं, तुला नवऱ्याचं जुनं काही उकरायला पाठवलंय."

मी हसले. हसायला नको होतं, पण आवरेना. बाबांचा हुकमी तोडगा, ज्यानं इकडे आमच्यावरची वेळ टळायची, त्यानंच तिकडे मला हेर करून टाकलं होतं. ती पण हसायला लागली.

आमचं दोघींचं दुखणं एकच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्या नवऱ्यानं जे केलं ते केलं होतं, आणि त्याचं फळ तिच्या वाट्याला आलं. माझ्या आजोबांनी कोणाचं काहीच केलेलं नव्हतं. तो टेबलामागे बसून जे विचारायचा, तेच विचारून आमच्याकडच्या लोकांनी माझ्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या दारातून परत पाठवलंय. हे मला तिच्या स्वयंपाकघरात बसूनही कळत होतं आणि आजही मी त्यात सूट देत नाही. पण ती एकटी होती, आणि घाबरलेली होती, आणि घाबरणं कसं असतं ते मला ठाऊक होतं.

तिनं पासपोर्ट मागितला. चष्मा लावून तिसरं नाव एकेक अक्षर करत वाचलं. चुकीचंच वाचलं. मग मान वर करून म्हणाली, "ऐकायला छान आहे."

माझ्या आडनावाबद्दल असं कोणी कधी म्हटलेलं नव्हतं. मला एकदम सडकून भूक लागली, आणि तिनं ताज्या बरणीतलं मिरचीचं वाटण पावावर लावून पुढे केलं ते मी मागून मागून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नोटरीकडे गेलो. तिनं सांगितलं, ही माझ्याकडे राहते. काम झालं. बाहेर ऊन पडलं होतं. मी रस्त्याच्या कडेला बाकावर नुसती बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. ती शेजारी बसून होती. 

त्यानंतरचे महिने मी फार सुखात काढले. गावोगाव बसनं फिरले, नदी ओलांडून रुमानियात गेले, मोल्दोव्हापर्यंत जाऊन आले. सगळीकडे तोच विषय, परत मिळालेली जमीन. कुठे पोरांनी ती विकून गाव सोडलेलं, कुठे म्हातारी माणसं एवढ्याशा तुकड्यावर द्राक्षं लावून बसलेली. आणि मी जिथे जाईन तिथे तीन नावं सांगायचे. मला सवयच लागली होती. पाव घेताना दुकानदारानं नुसतं "कुठल्या?" विचारलं तरी मी पूर्ण नाव सांगून मोकळी व्हायचे. रात्री अंग टाकलं की झोप लागायची.

घरी मात्र मी यातलं काही बोलले नव्हते. तोवर आईबाबांनी वाशीमला नव्या लेआउटमध्ये घर बांधलं होतं. फाटकावर घराचं नाव होतं, बाबांचं नव्हतं. दर फोनला बाबा हळूच विचारायचे, "बेटा, ते मालकीन चांगली हाय ना? तिनं काही इचारलं त नाई?" मी म्हणायचे, नाही बाबा. ते म्हणायचे, "ठीक हाय मंग. तू आपली दोन नावंच सांगत जाय." म्हणजे मी तिकडे मोकळी फिरत होते आणि ते इकडे माझ्यासाठी अजून जीव मुठीत धरून बसले होते. सांगायचं प्रत्येक वेळी ठरवायचे, जमायचं नाही. त्यांनी आयुष्यभर सांभाळलेली गोष्ट मी परक्या बाईच्या स्वयंपाकघरात ओतून आले, हे त्यांना कसं लागेल ते कळत नव्हतं.

माझी परत यायची वेळ जवळ आली तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, तुझ्या वडिलांना मला बघायचंय. मी व्हिडिओ कॉल लावला. वाशीमला संध्याकाळ होती. बाबा खुर्चीत बसले होते, आई मागे तांदूळ निवडत होती. बाईंनी नमस्कार केला, कसा करायचा ते मी शिकवलं होतं. बाबांनीही केला. मग बाईंनी बल्गेरियनमध्ये काहीतरी विचारलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काय म्हनते ते?" बाबांनी विचारलं.

मी फोन जरा जवळ घेतला. मग सांगितलं, "तुमची तिन्ही नावं विचारते, बाबा. माझी तिला ठाऊक आहेत."

"तिन्ही?"

"हो."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

 आईचा सुपातला हात थांबला. मग बाबांनी हळूच विचारलं, "अन् तरी ठेवून घेतलं तुले?"

"ठेवून घेतलं. वरून म्हणाली, ऐकायला छान आहे."

बाबा खुर्चीतून उठले. फोन टेबलावर उभा ठेवला, शर्टाची कॉलर नीट केली आणि तिकिटं फाडताना गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत जायचा तसा आवाज काढून आपली तिन्ही नावं सांगितली. मी त्यांची मुलगी, पण त्यांच्या तोंडून तिसरं नाव इतक्या मोठ्यानं कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी ते म्हणून बघितलं. चुकलं. बाबांनी मान हलवली आणि पुन्हा सांगितलं, तोडून तोडून. पुन्हा चुकलं.

मागून आई म्हणाली, "अवो, हळू बोला ना. बाहेर ऐकू जाते."

"जाऊ दे," बाबा म्हणाले, आणि तिला नीट जमेपर्यंत म्हणायला लावलं.