वजनकाट्याचं चाक

मी माझ्या सख्ख्या नातीला काटा मारला. धानाचा व्यापारी मारतो तसाच. बेचाळीस किलोचं पोतं चाळीसचं दाखवायचं अन् वरून म्हणायचं, "बाई, तुमच्या डोळ्यादेखत तर मोजलं." जन्मभर मी अशा व्यापाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. अन् म्हातारपणी घरातल्याच काट्याखाली हात घातला.

म्हातारपण तरी कसलं? तेव्हा मी बासष्टची होते. आता सत्तरीच्या उंबऱ्यावरून त्या बासष्टच्या पोरीकडे पाहते तेव्हा तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. काय तिचा तोरा! डॉक्टरला कळत नाही, मास्तरला कळत नाही, हिलाच काय ते सगळं कळतं.

नात बॉक्सिंग खेळायची. शाळेतल्यासारखं पदकांसाठी नाही, पेशा म्हणूनच. एकोणपन्नास किलोच्या आतल्या मुलींत तिची लढत लागायची. लढत एका दिवशी अन् वजन आदल्या दिवशी. काटा एकोणपन्नासच्या वर गेला तर सारं मुसळ केरात. तोवर ती सात वेळा खेळून एकदाच हरली होती. यातली पहिली लढत मी मोबाइलवर पाहिली. पाहिली म्हणजे तोंडावर पदर घेऊन ऐकली. आता आठवी नागपुरात होती, सहा फेऱ्यांची. ती जिंकली की विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी खेळायला मिळणार, असं तिच्या सरांनी सांगितलं होतं. त्या एका लढतीसाठी पोरगी आठ महिने घाम गाळत होती.

शेवटचे पाच दिवस सरांनी तिला दिघोरीला घरी पाठवलं. थोडं पळायचं, आराम करायचा, मोजकं खायचं, अन् सकाळ-संध्याकाळ वजन फोनवर कळवायचं. सून अन् मुलगा धानकापणीत गुंतलेले. म्हणून घरी पोरीवर लक्ष ठेवायला मीच.

अन् मला ते पाहवेना. अंगणात नव्या तांदळाचा वास, चुलीवर लाखोळीच्या डाळीचे वडे, तलावातून आलेली मासोळी. अन् ही समोर बसून काकडीच्या चकत्या मोजतेय. गालफडं बसलेली. गळ्याची हाडं पाहून मला बाळंतपणात गेलेली माझी धाकटी बहीण आठवली. भीती तिथूनच सुरू झाली. पण भ्यायल्यावर माणूस शहाणा होतो असं थोडंच आहे?

वजनाचा काटा माझ्या खाटेखाली असायचा. जुना, गोल चकतीचा. त्याच्या बाजूला बोटभर चाक असतं, ते फिरवलं की काटा मागेपुढे सरकतो. दुसऱ्या दिवशी ती पळायला गेली अन् मी ते चाक दीड किलो मागे फिरवलं. मीच तो पायानं ओढून समोर ठेवायची, ती डोळे चोळत वर चढायची. रिकामा काटा कुठे थांबलाय हे कोण पाहतं?

"आजी, एकोणपन्नास अन् थोडं वर!" तिला खरंच वाटेना. "येवढ्या लवकर?"

"मंग? माझ्या घरचं पाणीच तसं आहे. जेव आता पोटभर."

ती जेवली. वडे खाल्ले, मासोळीचं कालवण-भात खाल्ला, मागून घेतला. मला इतका आनंद झाला, की शेजारणीला बोलावून दाखवलं. मूर्ख बाई.

वजन द्यायच्या दिवशी पहाटे काट्यानं अठ्ठेचाळीस किलो आठशे दाखवलं. आदल्या दिवसापासून तिनं पाणी बंद केलं होतं. मलाही सोबत चल म्हणाली. लाखांदूरहून एसटी पकडली. पवनी मागे पडल्यावर मी सहज विचारलं, "का वं, किलोभर जास्त भरलं तं काय करतेत?"

"दोन घंटे देतेत. तेवढ्यात उतरवा लागते." तिनं कोरड्या जिभेनं ओठ ओले करायचा प्रयत्न केला. "वाळलेल्या आंगातून आणखी पाणी काढा लागते आजी. एका पोराचं तसं करताना हृदयच बंद पडलं होतं. पण मले काय, मी तं आतच आहो."

 तेव्हाच, एसटीतच सांगायला हवं होतं. तिथून सरांना फोन लावला असता, तरी वेळ होता. पण ती चिडेल, सून काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल. मी खिडकीतून धान कापलेल्या शेताची एकेक बांधी मोजत बसले.

हॉलमधल्या इलेक्ट्रिक काट्यावर आकडा आला पन्नास दोनशे.

पोरगी खाली उतरून पुन्हा चढली. पन्नास दोनशेच. सर तिला बाजूला घेऊन आले. चेहरा लाल झालेला. "खरं सांग. काय खाल्लंस?"

"सर, सकाळी अठ्ठेचाळीस आठशे होतं. तुमचीच शप्पथ."

"माझी शपथ घेऊ नको. एवढं वजन हवेतून येतं का? तू पाच दिवस मला खोटे आकडे सांगत होतीस."

तिचे डोळे भरले, पण पाणी येईना. अंगातच नव्हतं. ती माझ्याकडे वळली. "आजी, सांग ना सरले. तूच तं काटा काढत होतीस रोज."

सर माझ्याकडे वळले. "आजी, नीट आठवून सांगा. हिनं भरपूर खाल्लं असेल तर वेगळी गोष्ट आहे. नाहीतर या शरीरातून आता काही काढणं धोक्याचं आहे. मी लढत सोडून देतो."

सोडून देतो, असं तो माणूस स्वतः म्हणाला. अन् मी पदर सावरून म्हणाले, "खाल्लं असंल पोरीनं एखांद्या वेळी. मी कुठं चोवीस घंटे पाहत होती?"

इतकं स्वच्छ खोटं मी लग्नातही बोलले नव्हते, अन् तिथे तर माझं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं.

पोरगी माझ्याकडे पाहतच राहिली.  मग घाम काढायचा प्लास्टिकचा सूट चढवला अन् बाथरूममध्ये गेली.

आत गरम पाण्याचा नळ सोडला, दार लावलं. ती वाफेत दोरीवरच्या उड्या मारू लागली. मला आतच उलट्या बादलीवर बसवलं, चक्कर आली तर धरायला. पहिला घंटा तिच्या कोपरातून घाम ठिबकत होता. मग तो थांबला. अंग तापलेलं अन् कोरडं. उड्या चुकायला लागल्या. भिंतीला टेकून ती म्हणाली, "आजी, दार लावून घे, धान ओलं होऊन राहिलं." आम्ही धानापासून किती दूर होतो! मी सरांना हाक मारायला तोंड उघडलं अन् पुन्हा मिटलं. तिचा हात धरला. नाडी पाखरासारखी फडफडत होती. मनात एकच चाललं होतं, ही आता पडेल अन् उठणार नाही, अन् ते चाक मी फिरवलंय हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

सरांनी तिला बाहेर काढलं. तिथल्या दोन बायांनी काखेत धरून काट्यावर चढवली. बरोब्बर एकोणपन्नास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती दोन घोट प्यायली अन् सगळं ओकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं पाणी प्यायलं, खाल्लं, थोडी हसलीसुद्धा. पण सरांकडे पाहून नाही, माझ्याकडेही नाही. मी खुर्चीत बसले अन् या वेळी पदर तोंडावर घेतला नाही. एवढी तरी शिक्षा हवी होती. तीन फेऱ्या ती पायावर होती. चौथीत साधाच ठोसा कानशिलावर बसला अन् ती अशी खाली आली, जशी कोणी पेंढी सोडून द्यावी. पंच मोजत होता. मी मोजत नव्हते, पाहत होते की छाती हालतेय का. आठला ती उठली. सरांनी हार मानून टॉवेल आत टाकला. लढत गेली, पट्टाही गेला.

रात्रीच दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निकाल येईना. ते तास मी कसे काढले ते लिहिता येत नाही. मग डॉक्टर आले, म्हणाले सगळं ठीक आहे. सर बाहेर फोनवर तिच्या आईशी बोलत होते, अन् मला ऐकू आलं, "पोरगी वजनात खोटं बोलली, नाहीतर…"

तेव्हा कुठे माझी वाचा फुटली. आधी दारात सरांना सांगितलं. मग खाटेजवळ बसून तिला. चाक, दीड किलो, वडे, सगळं. उपाशी पाहवत नव्हतं गं, असंही म्हणाले.

 तिनं मान माझ्याकडे वळवली अन् म्हणाली, "उपाशी होती तं तुले पाहवत नोहोतं, अन् मी दोन घंटे तुह्यासमोर मरून राहिली होती, ते कसं पाहवलं वं आजी?"