बाहुल्याची मान

एकेक फोटो जोडून बनवायच्या कॉलेजच्या बाहुलीपटासाठी तारापूरचे एक जाळी विणणारे काका बोईसरला माझ्या खोलीवर यायचे. तारेच्या बाहुल्याला, म्हणजे आमच्या कोळ्याला, ते तांदळाच्या दाण्याएवढं हलवायचे, श्वास रोखायचे आणि म्हणायचे, "हं, काड फोटू."

कारखान्यांच्या पाण्यानं खाडीतली मासळी मेली, हे मी पत्रकांत लिहायचो, तेच फिल्ममध्ये दाखवायचं होतं. "जाळं रिकामं आलंय काका, रडवा त्याला!"

"पत्रकं लिवतोस, कोळी बगितलास का कदी? आमी रडत नाय, आदी जाल्यात भोक शोदतो."

विष सोडणार कारखाने, आणि दोष शोधायचा आपल्या जाळ्यात! मी भडकलो. ते ऐकेनात. दुपारभर त्यांनी बाहुल्याला एकेक गाठ तपासायला लावली. भोक नव्हतंच. मग त्यांनी त्याची मान हळूहळू सेटवरच्या कारखान्याच्या नाल्याकडे वळवली.

फिल्मच्या शेवटी माझं भाषण होतं. ते मी त्याच दिवशी काढून टाकलं.