अस्तर लावलेला कचरा

शिंपीमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या पँटकडे इतक्या रागाने बघत होते, की ती घाबरून आपणहून दोन बोटं वर सरकली. "कुणी कापली ही?" त्यांनी विचारलं. रेडिमेड घेतल्याचं मी कबूल करताच, माझ्या घरात कुणी दगावल्यासारखा चेहरा करून ते जिना चढून गेले. ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, मी दुसऱ्या.

पुढे आमच्या गल्लीत घंटागाडी आणायचं ठरलं. दरमहा वर्गणी भरायची, म्हणजे कचरा न्यायला गाडी रोज येणार. अट एकच, सगळी घरं हवीत. सगळी तयार झाली, मास्तर उरले. त्यांना पटवायला मला वर पाठवलं.

"रद्दीवाला रद्दी नेतो तेव्हा पैसे कोण देतं?" मास्तरांनी विचारलं.

"तो देतो."

"मग माझा कचरा नेणाऱ्याला मी का द्यायचे?"

आतून मास्तरीणबाई म्हणाल्या, "कारण बादली घेऊन कोपऱ्यावरच्या डब्यापर्यंत मी जाते. गुडघा माझा दुखतो."

"अगं, तुला पट्ट्याची पिशवी शिवून देतो. खांद्याला अडकव. गुडघ्याला कळणारसुद्धा नाही."

मास्तरांना वाईट शिवताच येत नसे. पिशवीला अस्तर होतं, चेन होती, बाहेरून सुट्ट्या पैशांसाठी खिसा होता. बाईंनी ती खाली नेली, दम खायला फाटकाजवळच्या कट्ट्यावर टेकवली, आणि एक मोटरसायकलवाला ती उचलून पसार झाला. आत भाजीची देठं आणि चहाचा चोथा होता.

मास्तर खुलले. मला म्हणाले, "बघ! फाटकातून नेतो, फुकट नेतो आणि वेळ न घालवता नेतो. अशी सेवा तुमची गाडी देईल?"

त्यांनी दुसरी पिशवी शिवली, मग तिसरी. चोराला संशय नको म्हणून रंग बदलले. दोन्ही गेल्या. एकच चोर तीनदा फसला की चोर तीन होते, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"मास्तर, कापड, दोरा, चेन... वर्गणीपेक्षा हे महाग पडतंय," मी म्हणालो.

"चेन जुन्या आहेत," ते म्हणाले.

चौथी पिशवी मात्र कट्ट्यावरच राहिली. दुपारी तिला मुंग्या लागल्या. संध्याकाळी बाईंनी ती वर आणून मास्तरांच्या मशीनवर ठेवली.

"अहो, आता एक तर नवा चोर बघा, नाही तर वर्गणी भरा. मी यापुढे काही उचलणार नाही."

मास्तरांनी दोन दिवस तो वास सोसला. मग खाली येऊन वर्गणी माझ्या हातावर ठेवली. "माणूस कामाला चांगला होता हो," एवढंच म्हणाले.

घंटागाडी आता रोज येते. गल्ली अरुंद असल्यामुळे ती आत वळत नाही, कोपऱ्यावर त्याच डब्यापाशी थांबते.