विहिरीला औषध दिलं तेव्हा

आमच्या घरात औषधाचा माणूस होता, आणि पटकी झाली ती मला. लोक अजून विचारतात, असं कसं गं झालं? झालं ते माझ्या मूर्खपणानं, यांच्या गप्प राहण्यानं आणि आमच्या घरच्या रीतीनं. वाचले ती मात्र दुसऱ्यांच्या चांगुलपणानं. ते उपकार कुठं तरी लिहून ठेवावेत म्हणून बसले आहे, नाहीतर मला कसली आलीय लिहायची हौस.

'हे' म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव घ्यायची मला कधी सवय नव्हती आणि आता या वयात लावून घ्यायची नाही. आष्ट्यापासून बैलगाडीनं निम्म्या दिवसाच्या वाटेवर कृष्णाकाठी आमचं गाव. मोठी लढाई संपली तशी हे पलटणीतून घरी आले. फौजेच्या इस्पितळात जखमा बांधायच्या, सुया उकळायच्या, औषधं वाटायची असलं काम करून आले होते. पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नदीच्या वरच्या अंगाच्या गावांत पटकी लागली, आणि सरकारनं यांना त्या कामावर घेतलं. पाच-सहा गावं दिली, एक सायकल दिली आणि लाल औषधाच्या बाटल्या दिल्या. ते औषध विहिरीत टाकायचं, पाण्यातली कीड मरते, मग ते पाणी बिनघोर प्यायचं, एवढंच काम.

पण सांगायचं कसं? फौजेत हुकूम सुटला की माणूस हलतो. आमच्या गावात हुकूम सुटला की माणूस आधी बसतो, तंबाखू मळतो आणि मग विचारतो, "कुणाचा रं हुकूम?" हे चावडीपुढं ताठ उभे राहून अर्ध्या हिंदीत भाषण ठोकायचे. जंतू म्हणायचे, प्रतिबंध म्हणायचे. म्हातारी माणसं मान डोलवायची आणि घरी जाऊन म्हणायची, "पोरगं लय शिकून आलंय, काय बोलतंय ते कळत सुदीक न्हाई."

मग यांनी दवंडी द्यायला लावली. कागदावर चार ओळी लिहिल्या, दवंडी देणाऱ्या म्हाताऱ्याला वाचून दाखवल्या. त्यानं हलगी वाजवत गावभर सांगितलं, हिरीत औषध टाकलंय होऽ, गावात पटकी येतीया, समद्यांनी जपून ऱ्हावा होऽ! आता खरं तेही सांगते. त्या म्हाताऱ्याला गावविहिरीवर चढायची मुभा नव्हती. ज्या पाण्याची तो दवंडी देत होता ते पाणी त्याच्या घरात कधी गेलंच नव्हतं. त्याच्या वस्तीनं नदीचंच पाणी प्यायचं आणि त्यांना कुणी काही सांगायचं नाही. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही, याची आज लाज वाटते.

यांनी आणखी एक घोळ करून ठेवला. औषध टाकलेलं लोकांना दिसलं पाहिजे म्हणून ठरलेल्यापेक्षा मूठभर जास्तच टाकलं आणि सायकल मारत पुढच्या गावाला निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बायका घागरी घेऊन गेलो, तर विहीर लालभडक! एकीनं पोहरा वर काढला तो तसाच सोडून दिला. "आगं बया, हे काय रगात म्हणायचं का काय?" देवाला हे पाणी कसं घालायचं, भात शिजवला तर कसला होणार, सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

निकाल लावला तो माझ्या सासूबाईंनी. आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. बाई मोठी हुशार, चार घरचे तंटे ओट्यावर बसून मिटवायची. त्या म्हणाल्या, "औषध कुणाला देत्यात गं? आजाऱ्याला. मंग हीर आजारी हाय. नदीला दिलंय का कुणी औषध? न्हाई ना? मंग नदी चांगली हाय. चला."

आता हसू येईल, पण त्या वेळी यातलं एक अक्षरही कुणाला चुकीचं वाटलं नाही. मला तर नाहीच. सातवी पास होते मी, बरं का! उन्हाळ्यात नदी आटली की आम्ही वाळूत हातानं झिरे खणायचो. खड्डा खणला की तळाशी पाणी जमतं, काचेसारखं स्वच्छ. तांब्यानं हळूच भरायचं. इकडं लालभडक विहीर आणि तिकडं हे निर्मळ पाणी. वरच्या अंगाला आजाऱ्यांची धुणी त्याच नदीत धुतली जात होती, हे त्या झिऱ्यात बघून कुणाला कळणार?

मी यांना का विचारलं नाही? विचारायचं कधी? आमच्या घरात नवरा-बायकोनं वडीलधाऱ्यांपुढं एकमेकांशी बोलायचं नाही अशी रीत. यांना पाणी हवं असलं तर हे भिंतीला सांगायचे, "जरा पाणी आणा." आणि मी भिंतीकडं बघत आणून ठेवायची. त्यात हे त्या दिवसांत चार-चार दिवस बाहेर. आले की जेवायचे आणि निघायचे. साऱ्या मुलखाला सांगत फिरणाऱ्या माणसाच्या मनात आलं नाही, की घरात सांगायचं राहिलंय. त्यांना वाटलं, माझ्या घरच्यांना काय सांगायचं?

आणि या सगळ्याहून वाईट गोष्ट पुढं आहे. पहिल्या दिवशी निम्म्या बायका विहिरीशीच घुटमळत होत्या. लाल तर लाल, औषधच आहे, असं म्हणणाऱ्याही होत्या. पण माझ्या डोक्यावर घागर आणि माझी वाट नदीची, हे त्यांनी बघितलं. झालं! "खुद्द औषधवाल्याची बायकू पीत न्हाई, मंग आपून कशाला प्यायचं?" गावानं दवंडी ऐकली नव्हती, माझे पाय बघितले होते. आमच्या शेजारची, माझ्याच वयाची एक, विहिरीला घागर लावून बसली होती. ती मला बघून उठली आणि माझ्या मागं आली. वाटेत आम्ही दोघी हसत होतो, काय बोलत होतो ते आठवत नाही.

सहाव्या-सातव्या दिवशी सकाळी दळता दळता माझ्या पोटात कळ आली. दोन तासांत माझं मला उठवेना. वरून, खालून नुसतं पाणी. पायात असे गोळे यायचे की जीव नको व्हायचा. आवाज बसला, बोटं सुरकुतली. सहा महिन्यांची माझी लेक रडत होती आणि मला वाटत होतं, ही आता आईवाचून वाढणार. देवा, हिला दूध कोण देईल, एवढाच विचार. मी सारखी म्हणत होते, पाणी द्या, पाणी. आत्याबाई रडत होत्या पण देत नव्हत्या. पटकीच्या माणसाला पाणी दिलं की जुलाब वाढतात, पाणी तोडायचं, हेच तेव्हा सगळीकडं माहीत. त्यांचं काही चुकलं नाही. त्या मला वाचवतच होत्या.

तेवढ्यात समोरच्या घरची अव्वा आली. जैनांची म्हातारी. इकडं सांगलीकडच्या जैनांत आईला अव्वा म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. तिचं व्रत होतं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग उकळायचं, आणि तेच प्यायचं, तेही दिवस मावळायच्या आत. आम्ही सुना तिची टिंगल करायचो, म्हातारी पाण्याची आमटी करते म्हणून. ती ऐकायची आणि म्हणायची, "करा, करा! दात हायत तंवर हसून घ्या."

एरवी कुणाच्या उंबऱ्याच्या आत न येणारी ती बाई त्या दिवशी सरळ माझ्या अंथरुणाशी येऊन बसली. त्या घाणीतच बसली म्हणा ना. हातात पितळी तांब्या. उकळलेल्या पाण्यात तांदूळ शिजवून गाळलेली पेज, मीठ घातलेली. आत्याबाई पुढं झाल्या, "आवं अव्वा, नगा पाजू, मरंल ती!"

"आन न पाजता काय जगणार हाय व्हय?" अव्वा कडाडली. "डोळं बघ की तिचं, खोबणीत गेल्यात. आत हुतं त्येवढं समदं गेलं, आता भरायचं कुणी? सर बाजूला!"

पळीनं एक घोट. मी ओकून टाकला. तिनं जरा थांबून दुसरा घोट दिला. तोही गेला. तिसरा. ती म्हातारी अशी किती वेळ बसली मला माहीत नाही. सून दोनदा जेवायला बोलवायला आली, दोनदा तिनं परत पाठवली. मावळतीनंतर ती जेवत नसे, म्हणजे त्या दिवशी ती उपाशी राहिली, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

दुपारी कुणीतरी निरोप पोचवला आणि हे आले. सायकल दारात टाकून तसेच आत. मला बघितलं. फौजेत अशी माणसं जाताना त्यांनी बघितली होती. मिरजेच्या दवाखान्यापर्यंत गाडीच्या हिसक्यांत मी टिकणार नाही, हे त्यांनी ओळखलं. आईपुढं, अव्वापुढं, पहिल्यांदाच ते माझ्याशी सरळ बोलले.

"कुठलं पाणी पीत होतीस?"

"नदीचं."

"अगं पण का? विहिरीत औषध टाकलंय की!"

माझा आवाज निघत नव्हता, तरी मी म्हटलं, "सगळ्या गावाला सांगितलंत. मला कुठं सांगितलंत?"

हे खाली बसले. मग लहान मुलासारखे रडले. अव्वानं त्यांच्या हातात पळी दिली आणि म्हणाली, "रडाय मागनं बस. ह्ये धर. एक घोट द्यायचा, धा अंक मोजायचं, मंग दुसरा." पलटणीतून आलेला माणूस म्हातारीचा हुकूम ऐकून मुकाट्यानं अंक मोजायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला लघवीला झाली. हसू नका. पटकीत ती बंद होते, आणि सुरू झाली की माणूस वाचला असं हे शिकून आले होते. लघवी झाली म्हटल्यावर यांनी अव्वाच्या पायावर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "यव्वा! असल्या गोष्टीला कुणी पाया पडतंय व्हय रं?"

त्याच दिवशी, मी डोळे उघडून पडले होते तेव्हा, शेजारून रडण्याचा आवाज आला. माझ्या मागून नदीला आलेली ती शेजारीण गेली. तिला पाणी तोडलं होतं. अव्वा एक होती आणि ती माझ्यापाशी होती.

पटकी थांबली नव्हती. यांनी अव्वाला विचारलं, लोकांना सांगू तरी कसं? ती म्हणाली, "तू सांगून न्हाई ऐकायच्या बायका. हिला बघून गेल्यात, हिला बघूनच येतील." यांनी माझ्याकडं बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. मला उभं राहवत नव्हतं. पण मीच म्हटलं, येते.

सकाळी पाणी भरायच्या वेळी हे मला धरून विहिरीवर घेऊन गेले. दिवसाढवळ्या नवरा बायकोला हाताला धरून नेतोय, हेच बघायला निम्मं गाव जमलं. दवंडीवाला म्हातारा लांब उभा होता. यांनी त्याला हाक मारली, स्वतः पोहरा काढून त्याची घागर भरून दिली, आणि दोघा-तिघांनी कपाळाला आठ्या घातल्या तरी ऐकलं नाही. औषध या वेळी बेतानं टाकलेलं, पाण्याला नुसती गुलाबी झाक. आधी हे स्वतः प्यायले. बायका म्हणाल्या, "त्यो पिणारच की, त्येचं कामच हाय ते."

मग तांब्या माझ्या हातात. खरं सांगते, मला भीती वाटली. त्या गुलाबी पाण्याची माझ्या मनातली शंका अजून गेली नव्हती. लेकीचं तोंड डोळ्यांपुढं आणलं आणि अख्खा तांब्या प्यायले. म्हटलं, "मी चुकले. नदीचं पाणी पिऊन मी मरत होते. माझ्या मागं कुणी जाऊ नका."

कुणी हललं नाही. मग गर्दीतून त्या गेलेल्या शेजारणीची जाऊ पुढं आली. तिच्या घरात अजून सुतक होतं. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "ह्ये आधी का न्हाई सांगितलंस गं?"

मी नुसती रडत उभी राहिले. तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या, तो तिचा हक्क होता. तिनं पोहरा सोडला. एक, दोन, तीन पोहरे ओतून घागर गळ्यापर्यंत भरली. डोक्यावर चुंबळ ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"हात लाव," ती म्हणाली.

अंगात शक्ती नव्हती, तरी मी दोन्ही हातांनी घागर धरली आणि तिच्या डोक्यावर चढवली.