झेंडूआडचा आठ

चौकातल्या खांबावरचा कॅमेरा मला रोज दिसतो, पापणीही न लवणारा. दसऱ्याला कुणाची तरी स्कूटर त्याच्यासमोरून सुसाट गेली. तिच्या नंबरप्लेटवरच्या झेंडूच्या हाराने इंग्रजी आठची डावी बाजू झाकली, कॅमेऱ्याने तीन वाचला आणि वेगाचं चलान आलं माझ्या म्हाताऱ्या स्कूटरला.

“दंड भरा आणि मोकळ्या व्हा,” वकीलबाई म्हणाल्या.

“मोकळं नाही व्हायचं मला. कोर्टात खेचायचंय त्याला.”

“कुणाला, पोलिसांना?”

“कॅमेऱ्याला!”

त्या हसल्या, पण वकीलपत्र सहीसाठी पुढे केलं.

माणूस चुकला तर त्याच्याशी कडाकडा भांडता येतं. त्याची मान खाली गेली की आपलाही राग उतरतो. हा मात्र अजून तसाच टक लावून बघतो.

निकाल काहीही लागो. येत्या दसऱ्याला झेंडूचा पहिला हार मी त्याच्याच डोळ्यावर चढवणार आहे.