आईनं वळलेली, अण्णानं बांधलेली

अण्णा गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी वर्गात पाढे घेत होते. मुलं म्हणतच राहिली आणि मला मात्र आईचं सूप दिसत होतं... मांडीवर पानं, तंबाखू, दोरा. निपाणीत विड्या वळून आईनं माझ्या या थोरल्या भावाला डॉक्टर केलं होतं.

बेळगावच्या मेडिकल कॉलेजात तो मेलेल्या माणसांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. विसरभोळ्या म्हाताऱ्यांना कुणी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसलं की त्याचं डोकं फिरायचं. हा आजार आहे म्हणायचा, अल्झायमर. पेशींबाहेर प्रथिनांची पुटं चढतात, आत धागे गुंततात; यातलं आधी काय होतं, एवढंच त्याला शोधायचं होतं. त्यासाठी मेंदू हवे होते, आणि ते देणार कोण? पार सीमेवरच्या कोगनोळी गावापर्यंत हिंडून तो लोकांच्या दारातूनच परत यायचा.

मग आईच विसरायला लागली. आधी रस्ते, मग माझं नाव, मग अण्णा. दर रविवारी तो निपाणीला यायचा, भिजवलेली पानं तिच्या सुपात ठेवून समोर बसायचा. ती तंबाखू भरायची विसरली, दोरा बांधायची विसरली, तरी तिची बोटं रिकामं पान वळायचीच. गाठ अण्णा मारायचा, जखमेला टाका घातल्यासारखी बोजड. उन्हं भिंतीवर चढायची, सुपात रिकाम्या विड्या साठत जायच्या... मला ते दिवस सुखाचे वाटतात, खोटं कशाला बोलू?

अशाच एका दुपारी त्यानं तिलाच विचारलं, “तू गेल्यावर तुझा मेंदू तपासायला नेऊ?”

आई अनोळखी माणसाकडं बघावं तशी हसली. “न्या की डॉक्टर. पर आधी माझ्या ल्योकाला इचारा. बेळगावात आसतोय. लई मायाळू हाय, न्हाय म्हणंल त्यो.”

ती गेली तेव्हा कॉलेजची माणसं तयार होती. मीही मन घट्ट केलं होतं. अण्णा उंबऱ्यात बसून राहिला.

“काय करायचं रं?” मी विचारलं.

“ल्योक न्हाय म्हणतोय,” तो म्हणाला.

मला रागच आला. जगाला समजावत फिरला आणि स्वतःच्याच दारात अडला. त्यानंतर त्यानं मेल्यावर स्वतःचा मेंदू कॉलेजला द्यायचं लिहून ठेवलं. तुलनेला धडधाकट मेंदूही लागतात म्हणे. परवा तो गेल्यावर कॉलेजच्या माणसांनी माझी संमती विचारली, तेव्हा मी हो म्हटलं. कागदावर सही केली.

मग त्याची खोली आवरायला गेले. सूक्ष्मदर्शकाशेजारी एक विडी होती, रिकामी, वाळून कडक झालेली. दोरा अजून घट्ट होता. मी ती उचलली, आणि पुन्हा तिथंच ठेवली.