उपासाला चालणारा कॅन

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या दक्षिणेला, ओटाहुहुच्या पोलीस स्टेशनात मी तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. मूळच्या पुण्याच्या एका तरुण इंजिनिअरने संध्याकाळी सहाच्या सुमारास गाडी बस स्टॉपच्या खांबावर घातली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. श्वासाच्या तपासणीत दारू निघाली नाही, पण माणूस धड उभा राहीना, म्हणून रक्त घेतलं. अहवालात टीएचसी आलं, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक.

त्याचा रेसिडेन्सीचा अर्ज इमिग्रेशनकडे पडून होता. गुन्हा दाखल झाला असता तर बायको आणि लहान मुलीसह देश सोडायची पाळी आली असती.

पहिला जबाब माझ्या गोऱ्या सहकाऱ्याने घेतला होता. "दिवसभर काही खाल्लं नाही, उपास होता. गांजा कधी ओढलेला नाही." आमच्या इन्स्पेक्टरांनी तो वाचून माझ्यापुढे सरकवला. "रक्त खोटं बोलत नाही, मेट. चार्ज लाव आणि फाइल बंद कर."

"मी सही करणार नाही," मी म्हणालो. "आधी त्याच्याशी बोलतो." त्यांना ते आवडलं नाही. न आवडो.

मराठी माणसाचा उपास त्या सहकाऱ्याला कसा कळणार? खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी रिचवून आपण शपथेवर सांगतो, काही खाल्लं नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. कॅमेरा चालू केला, वकिलाचा हक्क पुन्हा वाचून दाखवला आणि मराठीत विचारलं, "उपास कसला होता?"

"संकष्टी, सर."

"मग उपासाला काय घेतलंत?"

"साबुदाणा भिजवायला विसरलो होतो. डेअरीतून दोन कॅन घेतले, हेम्प ड्रिंकचे. ऑफिस सुटायच्या आधी प्यायलो."

"हेम्प? आणि उपासाला?" हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचं झाड.

"धान्य नाही ना ते, सर. बी असतं, राजगिऱ्यासारखं. हीप्स ऑफ प्रोटीन असतं म्हणे."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"त्यांनी खाल्लं काय ते विचारलं. उपासाचं कोण धरतं?"

मला हसू आलं आणि चार शब्द सुनवावेसेही वाटले.

डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान. दुकानदाराने उरलेले कॅन आणि पुरवठादाराचं बिल पुढे केलं. कॅनवर लिहिलं होतं, फक्त बियांपासून बनवलेलं, नशा नाही. इथे हेम्पच्या बिया खाण्यात चालतात. त्याच झाडातल्या सीबीडी या औषधी घटकाला मात्र डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि टीएचसी हा तर अमली पदार्थच. लॅबला त्या कॅनमध्ये दोन्ही सापडले.

बिलावरून आम्ही टौरंगा शहरातल्या आयातदारापर्यंत पोचलो. वकील शेजारी बसवून तो हसत म्हणाला, "कम ऑन, मेट! तुमच्याकडे तर सणाला भांग पितात."

"पितात," मी म्हणालो. "पण आपण भांग पितोय हे पिणाऱ्याला ठाऊक असतं."

मग त्याचाच ईमेल त्याच्यापुढे ठेवला. कॅन बनवणाऱ्या परदेशी कारखान्याने आत काय आहे ते त्याला कळवलं होतं, आणि याने नवीन लेबलं छापून मागितली होती. तेव्हा त्याचं हसू मावळलं. चार्ज त्याच्यावर लागला. इंजिनिअरची फाइल चार्ज न लावता बंद झाली.

आज काहीजण म्हणतात, असली पेयं मोकळी करा. करा की! कायदा बदलायचा तर संसदेत बदला, माझी हरकत नाही. पण कॅनच्या आत जे आहे ते बाहेर लिहा. आणि जबाब घेणाऱ्यांनो, समोरच्या माणसाच्या घरी खाणं कशाला म्हणतात, ते आधी विचारा. मी ते या केसमध्ये शिकलो.

रेसिडेन्सी मिळाल्यावर तो बायको-मुलीला घेऊन स्टेशनात आला. काउंटरपाशी, इन्स्पेक्टरांच्या देखत, ती बाई माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला अर्ध्यातच थांबवलं.

"पाया कसल्या पडता? तुमच्या नवऱ्याने गुन्हा केलाच नव्हता. इथे ताठ उभं राहायचं."